वहिनीची हरकत

माझ्या वहिनीला आमच्या गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. तिचं नावच पडलंय ‘हरकत नाही’. “हरकत नाहीकडे टाक गं ती पँट, उद्या शिवून देईल,” असं बायका एकमेकींना सरळ सांगतात, तेही तिच्या तोंडावर. ती हसते. मला मात्र राग येतो. मी तिची नणंद. तिच्या वाटचा राग मानायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी अगदी मन लावून करते.

नाव काही उगीच पडलं नाही. दवाखान्यात कोणी पुढे घुसलं की ही म्हणणार, हरकत नाही. शिवलेले कपडे नेऊन माणूस महिनाभर तोंड दाखवत नाही, मग येऊन डोकं खाजवत उभा राहतो. हिचं आपलं, हरकत नाही. माझ्याच हातून तिची एकुलती एक काचेची बरणी फुटली होती. मी काही बोलायच्या आत ती काचा गोळा करायला बसली आणि वर मलाच म्हणाली, “वन्सं, हरकत नाही, तुमच्या पायात जाईल काच, आधी चपला घाला.” अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा!

वहिनी कामगारांचे कपडे दुरुस्त करते. आमच्याकडे डोंगराच्या अलीकडे खाण आहे आणि पलीकडे तेलविहिरी. खाणीतले कपडे धुळीने करकरतात. तेलावरचे इतके चिकट असतात की सुई आत जायला मागत नाही. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन आहे, मागे भिंतीला टेकून गाठोडी, आणि मशीनच्या शेजारी खुर्चीत माझा दादा. दादा उसवायचं काम करतो. फाटके खिसे, कॉलरी सोडवायच्या, बटणं काढायची, चाचपून वेगवेगळ्या डब्यांत टाकायची. त्याला दिसत नाही, पण त्याच्या डब्यात चुकीचं बटण कधी सापडायचं नाही. सापडलंच तर ते मी टाकलेलं असतं, हे तो सगळ्या गल्लीला सांगतो.

दादाचे डोळे खाणीत गेले. एक सुरुंग उडायचा राहिला असं वाटलं आणि तो उशिरा उडाला, बस, एवढंच. तेव्हा वहिनी नवी नवरीच होती म्हणा ना. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, “आता यांना दिसणार नाही.” आणि ही काय म्हणाली असेल? “हरकत नाही.” डॉक्टर बघतच राहिले. त्यांना वाटलं, बाईला कळलं नाही. त्यांनी परत समजावून सांगितलं. ही मान हलवत म्हणाली, “कळलं. पण जीव आहे ना? मग हरकत नाही.” नंतर मात्र जिन्यात बसून माझ्या खांद्यावर इतकी रडली की माझा पदर पिळून काढायची वेळ आली. तेवढी एकदाच. त्यानंतर तिला रडताना मी बघितलं ते थेट या समितीच्या वेळी.

समितीचं सांगायच्या आधी गल्लीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

घरातून बाहेर पडलं की दादा उजवा हात भिंतीला लावतो. आधी आमची खरबरीत भिंत. मग वेल्डरचं दुकान, तिथे जळक्या लोखंडाचा वास. त्याच्यापुढे मी कामाला आहे ती पावाची भट्टी. तिची भिंत बाराही महिने कोमट असते आणि दादा तिथे जरा रेंगाळतो. मी गल्ल्यावरून ओरडते, “पुढे हो, गिऱ्हाईक अडतंय!” तो म्हणतो, “लवंगी, भट्टी तुझ्यापेक्षा थंड आहे.” भट्टीनंतर चांभाराचा नळ, त्याची टपटप. आणि मग कोपऱ्यावर चहाची टपरी. तिथे याचे जुने साथीदार जमतात आणि जगाच्या उठाठेवी करतात. हे सगळं दादा एकटा करतो. काठी नाही, कोणाचा हात नाही.

त्याचं कारण असं की ती उजवी बाजू आमच्या गल्लीत कोणी अडवत नाही. सायकल लावायची तर डावीकडे. बादली, खाट, वाळवण, खेळणारी पोरं, सगळं डावीकडे. हे कोणी ठरवलं नाही, कोणी पाटी लावली नाही. एकदा एका नव्या भाडेकरूने उजवीकडे स्कूटर लावली, तर वेल्डरने ती उचलून त्याच्या दारातच नेऊन ठेवली. “ती दादांची बाजू आहे,” एवढंच म्हणाला. भाडेकरू तोंड वासून बघत राहिला. आता तोच दुसऱ्यांना ओरडतो.

तर या गल्लीच्या खालून खाणीच्या कंपनीला बोगदा वाढवायचा होता. म्हणजे गल्ली रिकामी करायची, आणि आम्ही सगळ्यांनी जायचं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत. कंपनीचा एक माणूस वसाहतीचं रंगीत चित्र घेऊन घरोघरी फिरत होता. इतकं गोड बोलायचा की आम्ही त्याला गोडबोल्या म्हणायचो. वहिनीने चित्र हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, “छान मोठ्या खिडक्या आहेत हो. शिवायला उजेड चांगला येईल.” अहो, ही कशालाही छानच म्हणते! पण दादा शेजारी बसून बटणं काढत होता. त्याचा हात थांबला, तो मी पाहिला. पाहिला आणि विसरले.

गल्लीत बोंबाबोंब झाली, वरपर्यंत गेली, तेव्हा डोंगराच्या दोन्ही बाजूंची चौकशी करायला एक समिती नेमली. खाण आणि तेलविहिरी, दोन्हींची. समितीतली माणसं ना कंपनीची ना सरकारची, अगदी तिऱ्हाईत. कोणाचं काय बरंवाईट होणार ते ऐकून घ्यायचं आणि अहवाल द्यायचा. भट्टीच्या भिंतीवर नोटीस लागली: ‘सर्व हितसंबंधितांनी उपस्थित राहावे.’

झालं! गल्लीत एकही माणूस जायला तयार होईना. वेल्डर म्हणाला, “हितसंबंधी? मी? माझे कोणाशीही तसले संबंध नाहीत, आयुष्य मेहनतीत गेलं.” चांभार म्हणाला, “हितसंबंधी म्हणजे तो गोडबोल्या. त्यालाच बोलावलं असणार.” एका बाईने तर नवऱ्याला दरडावून विचारलं, तुमचे हितसंबंध कुठे आहेत ते आत्ताच्या आत्ता सांगा. पहिल्या दिवशी समिती शाळेच्या वर्गात रिकाम्या बाकांसमोर बसून परत गेली. शेवटी समितीच्या अध्यक्षबाई स्वतः भट्टीवर आल्या. पांढरे केस, पायात साधे बूट, आणि पिठाच्या धुळीने शिंकून शिंकून बेजार. मी भांडायच्या तयारीतच होते. त्या म्हणाल्या, “शब्द आमचा चुकला. ज्यांच्या घरादाराचा प्रश्न आहे, त्या सगळ्यांनी या, एवढंच म्हणायचं होतं.” सरळ माणूस समोर आला की माझी पंचाईत होते. मी त्यांना गरम पाव बांधून दिला आणि वर आवाज चढवून पैसे घेतले.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे शाळेच्या व्हरांड्यात. एकेका घराला आत बोलवायचे. मी वहिनीला विचारलं, “काय सांगणार आहेस?” ती नवी फिकट शाल सारखी करत म्हणाली, “हे सांगतील ते.” दादाला विचारलं, तर तो म्हणाला, “ती सांगेल ते.” मी कपाळावर हात मारला. दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ल्या एकमेकांकडे!

माझी चूल वेगळी, म्हणून मला त्यांच्याबरोबर आत सोडलं नाही. दोघं आत गेली. थोड्या वेळाने वहिनी एकटीच बाहेर आली, शालीवर हा एवढा चहाचा डाग, आणि मागे शिपाई हात जोडून. “बाई, खरंच माफ करा, आवाज टिपायचं मशीन चालू असताना मधे बोलायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून तिथे काही बोलता आलं नाही.”

“अहो, म्हटलं ना, हरकत नाही,” वहिनी नळाखाली शाल धरत म्हणाली.

“चहा तरी कुठला होता?” मी शिपायाला विचारलं.

“कंपनीच्या कॅन्टीनचा.”

“वा रे तुमचे तिऱ्हाईत!” मी म्हटलं. माझं तोंड सुटलं की सुटलं. शिपायाने ते आत जाऊन जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण दुपारपासून समितीला चहा आमच्या टपरीवरून जायला लागला.

शाल पिळून वहिनी परत आत जाते तोवर दादा बाहेर येतच होता. “सांगितलंत ना सगळं?” तिने विचारलं. “हो, सांगितलं,” तो म्हणाला. आणि दोघं घरी गेली, तो पुढे, ती त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून. ती त्याचा हात धरत नाही. त्याला आवडत नाही ते. फक्त मागे राहते, म्हणजे पडला तर असावं म्हणून.

त्यानंतर दादा बदलला. टपरीवर जाणं कमी केलं. भट्टीच्या भिंतीशी मात्र जास्त वेळ थांबायला लागला. मी “पुढे हो” म्हटलं तरी उत्तर देईना. नुसता तळहात भिंतीला लावून उभा. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. वहिनीलाही तसंच वाटलं. तिने त्याला काढे-बिढे पाजले.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “लवंगी, मला त्या नव्या वसाहतीत घेऊन चल. तिला सांगू नकोस.”

मी नेलं. बसने गेलो. वसाहत चांगली आहे, खोटं कशाला बोलू. रुंद रस्ते, स्वच्छ जिने, प्रत्येक घरात नळ. पण एकसारख्या इमारती ओळीने उभ्या, आणि भिंती अशा गुळगुळीत की हाताला काही सांगतच नाहीत. दादाने हात लावला, चालायला लागला, वळला, परत हात लावला. “ही पहिलीच इमारत ना?” मी म्हटलं, “नाही रे, पुढे आलास.” परत मागे आणलं. परत चालायला लागला. या वेळी एका मोटारीवर आपटला. मोटारवाला वरून खेकसला, “बघून चाला ना!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, त्याला मी असं काही सुनावलं की बाल्कन्यांतून माणसं बाहेर आली. वळून बघते तर दादा फुटपाथवर बसलेला, गुडघा चोळत.

“जमेल,” तो म्हणाला. “थोडे दिवस लागतील. मी लपूनछपून येऊन शिकून घेतो, म्हणजे आल्यावर तिला त्रास नको.”

“पण तुला यायचंय का इथे?”

“तिला यायचंय.”

“कोण म्हणालं?”

“तीच. समितीसमोर. अध्यक्षबाईंनी विचारलं, गल्ली सोडून वसाहतीत जावं लागलं तर चालेल का? तर ती लगेच म्हणाली, हरकत नाही, हरकत नाही. दोनदा म्हणाली, लवंगी. मी मधे येईन म्हणून घाईघाईने म्हणाली असेल, आणि लगेच उठून बाहेरही गेली. मग मला विचारलं. मी म्हटलं, तिची हरकत नाही तर माझीही नाही.”

मला एकदा वाटलं, शक्यच नाही. मग वाटलं, का शक्य नाही? सगळं आयुष्य तिने त्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांचे फाटके कपडे धड करण्यात घालवलं. पाणी भरायला चांभाराच्या नळावर. खिडकीतून येणारा उजेड हाताएवढा. वाटलं असेल तिलाही, एकदा मोठ्या खिडकीत बसून शिवावं. ती मागत नाही म्हणून आपण सगळे धरूनच चाललोय की तिला काही नकोच आहे.

“तिच्याशी बोल ना सरळ,” मी म्हटलं.

“काय बोलू? मला नाही जायचं म्हटलं तर ती काय म्हणेल, तुला माहीत नाही?”

माहीत होतं. लहान पोरालाही माहीत होतं ती काय म्हणेल.

“आणि तू बोललीस तर याद राख,” तो म्हणाला. “आयुष्यभर तिने माझ्यासाठी हरकत नाही म्हटलं. एकदा मला म्हणू दे.”

मी शब्द दिला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं नाही, खरंच दुखायला लागलं. गप्प राहण्याची सवय नाही हो या शरीराला.

समितीची एक पद्धत होती. अहवाल लिहायच्या आधी, ज्याने जे सांगितलं ते सगळ्यांसमोर त्यालाच वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. मला तेव्हा वाटलं, काय हा वेळकाढूपणा. एकदा बोललेलं परत कशाला ऐकायचं? पण त्या दिवशी पुन्हा सगळी गल्ली शाळेच्या वर्गात जमली. लहान पोरांच्या बाकांत मोठी माणसं गुडघे मुडपून बसलेली. गोडबोल्याही आला होता, भिंतीला टेकून उभा. अध्यक्षबाई टेबलाशी. त्यांच्या शेजारी एक चष्मेवाली मुलगी; तिनेच यंत्रावरचं ऐकून सगळं लिहून काढलं होतं, आणि तीच वाचत होती. वेल्डरचं झालं, चांभाराचं झालं. मग आमचं घर.

मुलीने वाचलं: “प्रश्न: बोगद्यासाठी गल्ली सोडून नव्या वसाहतीत जावं लागलं, तर तुमचं काय म्हणणं आहे? उत्तर: हरकत नाही, हरकत नाही.”

मागून कोणीतरी खुदकन हसलं. आणि वहिनी बाकातून अर्धी उठली.

“अहो, थांबा! हे मी चहाला म्हटलं होतं!”

“कशाला?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“चहाला. यांच्या हातून माझ्या शालीवर सांडला ना तेव्हा.” तिने दाराशी उभ्या शिपायाकडे बोट दाखवलं. “ते बिचारे बोलायची बंदी म्हणून नुसते हात जोडत होते. तुम्ही नकाशात बघत होतात. मी त्यांना म्हटलं, हरकत नाही, आणि शाल धुवायला उठले; तुमचा प्रश्न माझ्या कानावर आलाच नाही.”

शिपायाने जोरजोरात मान हलवली. सगळा वर्ग हसायला लागला. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नुसते हात जोडले! आवाज नाही, शब्द नाही! बाकी कोणीही बघितलं असतं तर कळलं असतं. आणि शेजारी बसलेल्या माझ्या दादाने फक्त प्रश्न ऐकला होता, आणि मग बायकोचं उत्तर.

मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. तोंड अर्धवट उघडं ठेवून वहिनीच्या आवाजाच्या दिशेला वळला होता.

पण मुलीला यातलं काय माहीत? ती खाली मान घालून पुढचं वाचून गेली: “यानंतर पतीला प्रश्न. उत्तर: तिची हरकत नाही तर माझीही नाही.”

हसणं थांबलं. वहिनी हळूच खाली बसली.

“असं म्हणालात तुम्ही?” तिने दादाला विचारलं. सगळा वर्ग ऐकत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. “मला वाटलं, तुम्ही नाही म्हणून सांगितलंत.”

“मला वाटलं, तू हो म्हणालीस,” दादा म्हणाला.

“आणि म्हणून तुम्ही…” मग तिचं लक्ष त्याच्या गुडघ्याकडे गेलं. पँटला ठिगळ होतं. तिनेच लावलं होतं, कुठे फाडलीत म्हणून न विचारता. ती माझ्याकडे वळली. मी काय लपवणार? पोटदुखी कधीची बाहेर यायला बघत होती. “वसाहतीत पडला,” मी सांगून टाकलं. “रस्ता शिकायला गेला होता. तुला त्रास नको म्हणून.”

तेव्हा रडली ती. आवाज नाही, नुसतं पाणी.

अध्यक्षबाईंनी थोडं थांबून विचारलं, “बाई, मग मी आता परत विचारते. गल्ली सोडून जायला तुमची हरकत आहे का?”

आता सांगते ते तुम्हाला खोटं वाटेल. माझ्या वहिनीला तो शब्द म्हणता येईना. सवयच नाही हो! तिने तोंड उघडलं, मिटलं. शालीचं टोक पिळलं. “म्हणजे तशी…” म्हणाली आणि थांबली. “वसाहत चांगलीच आहे… खिडक्या…” माझा जीव टांगणीला लागला. मी उठून तिच्या वाटचं ओरडणार होते, “आहे! हरकत आहे!” पण ज्याला विचारलंय त्यानेच बोलायचं, हा नियम होता, आणि या वेळी तो मला पटला.

भिंतीजवळून गोडबोल्याने गोड आवाजात सांगितलं, “तशी मोठी हरकत दिसत नाही. पुढे जाऊ या का?”

“आपण थांबा,” अध्यक्षबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “त्या बोलतायत.”

दादाने हात पुढे केला, चाचपत, तिचं मनगट सापडेपर्यंत. माझा दादा, जो कोणाचा हात धरत नाही. “म्हण गं,” तो म्हणाला. “मी ऐकतोय.”

“आहे,” वहिनी म्हणाली. इतकं हळू की मुलीला पुढे वाकावं लागलं. मग खाकरून परत म्हणाली, “आहे. माझी हरकत आहे. या माणसाला आमच्या गल्लीत दिसतं. मी वेडी नाही, मला माहीत आहे डॉक्टर काय म्हणाले. पण तिथे यांना दिसतं. भिंत सांगते, भट्टी सांगते, नळ सांगतो. सगळी गल्ली यांची बाजू मोकळी ठेवते. तुम्ही मला नळ द्याल, खिडकी द्याल. ही माणसं कुठून द्याल? वसाहतीत यांना दारापर्यंत न्यायलाही माझा हात लागेल. मला धरायला काही नाही हो, जन्मभर धरेन. पण यांना ते सोसायचं नाही. हे दुसऱ्यांदा आंधळे होतील. एकदा मी हरकत नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हणणार.”

वेल्डर समोर ठिणगी नसतानाही डोळे पुसत होता. चष्मेवाली मुलगी लिहायची थांबली होती. अध्यक्षबाईंनी तिला हळूच खूण केली तेव्हा लिहायला लागली. मग दादाला विचारलं. तो म्हणाला, “माझीही आहे. आणि या वेळी तिची आहे म्हणून नाही. माझी स्वतःची आहे.”

त्यानंतर एकेकजण उठून सांगायला लागला की माझंही परत लिहा. चांभाराचं म्हणे आधी नीट सांगायचं राहून गेलं होतं. नळाची टपटप तो मुद्दाम दुरुस्त करत नाही, असं त्याने भर सभेत सांगितलं. वॉशर बदलला तर दादांना दुकान कळणार नाही. आणि आम्ही एवढी वर्षं त्याला आळशी म्हणत आलो!

घरी जाताना दादा पुढे, वहिनी मागे, मी तिच्या बरोबर. चांभाराच्या नळापाशी तो थांबला आणि वळून म्हणाला, “शाल तीच आहे का?”

“हो,” वहिनी म्हणाली. “डाग गेला नाही.”

“दाखव.”

तिने शालीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते बोटांनी सगळीकडून चाचपलं. बटणन् बटण ओळखणारी बोटं ती, पण डाग कसा सापडणार? “हाताला लागत नाही गं,” तो म्हणाला. “माझ्यासमोर मुक्याने काही सांडत जाऊ नका. सांडलं की सांगा.”

“बरं,” वहिनी म्हणाली, “हर…”

“खबरदार!” मी ओरडले. दोघंही हसली, आणि मी मागे वळून डोळे पुसले, कारण माझी या गल्लीत काही इभ्रत आहे.

अहवाल यायला बराच काळ गेला. समितीने नुसती शिफारस करायची असते, ऐकायचं की नाही ते वरच्यांच्या हातात. शिफारस आली की गल्लीखालून बोगदा नको, दुसऱ्या बाजूने न्या. आणि तेलविहिरींच्या बाजूलाही पुढचं काही ठरवण्याआधी तिथल्या माणसांना असंच बसवून ऐका, वाचून दाखवा. कंपनीने बरीच कुरकुर केली, पण वरून हुकूम आला आणि बोगद्याची आखणी बदलली. गोडबोल्या ते सांगायला आला तेव्हाही गोडच बोलला. टपरीवर त्याला चहा पाजला आम्ही. उजव्या बाजूला उभा राहिला होता, तर पोरांनी त्याला डावीकडे सरकवलं.

अहवालाची एक प्रत भट्टीवर आली. मी ती घेऊन दादाकडे गेले. तो खुर्चीत बसून एका चिकट डगल्याची कॉलर उसवत होता. वहिनी मशीनवर. मी आमच्या घराचं पान काढलं आणि वाचलं: “गल्लीतील रहिवासी, कपडे दुरुस्त करणाऱ्या बाई. गल्ली सोडण्यास हरकत आहे.”

“परत वाच,” दादा म्हणाला.

“ऐकू आलं नाही का?”

“आलं. पण ते दुसरं तिने दोनदा म्हटलं होतं. हेही दोनदा ऐकू दे.”

मी परत वाचलं. या वेळी मोठ्याने, पार टपरीपर्यंत जाईल असं. वहिनीने मशीन थांबवलं होतं. मी वाचून संपवलं तरी तिने ते लगेच सुरू केलं नाही.